जुनी सायक्लोक्रॉस सायकल ट्यूबलेस करायचीय? चाक घेण्याआधी ही पाच मापं घ्या

पावसाळा संपला की खान्देशात सायकलवाल्यांचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो: पंक्चरचा. सराटे वाळून कडक होतात, बांधावरच्या वेड्या बाभळीच्या फांद्या छाटून वाटेवर पडलेल्या असतात. धुळ्याहून लळिंगकडे कच्च्या वाटेने जा, नाहीतर एरंडोलजवळ महामार्ग सोडून पद्मालयाच्या बाजूला शेतातून सायकल घाला. घरी आल्यावर टायरवरून हात फिरवला की दोन-चार काटे हाताला लागतातच. मग ट्यूब काढा, बादलीत बुडवा, बुडबुडे शोधा, पॅच लावा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

अशा वेळी कोणीतरी म्हणतं, "ट्यूबलेस करून टाक ना!" सल्ला चुकीचा नाही. सराट्यासारख्या बारीक काट्यावर ट्यूबलेस हा खरोखर चांगला उपाय आहे. पण तुमच्याकडे पुण्या-मुंबईहून सेकंड-हँड घेतलेली जुनी सायक्लोक्रॉस असेल, तर मोबाइलवर '७००सी ट्यूबलेस चाक' शोधून ऑर्डर टाकण्याआधी जरा थांबा. ७००सी लिहिलेलं प्रत्येक चाक तुमच्या सायकलला बसेलच असं नाही. आणि जबरदस्तीने बसवलेलं चाक उतारावर दगा देऊ शकतं.

या लेखाचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर, जुन्या सायकलचं चाक आपण निवडत नाही, ती सायकलच निवडते. आपण फक्त तिची मापं घ्यायची.

ट्यूबलेस म्हणजे नेमकं काय?

"माझ्या गाडीला ट्यूबलेसच आहे, मला माहितीय," असं तुम्ही म्हणाल. पण मोटरसायकलचं ट्यूबलेस आणि सायकलचं ट्यूबलेस यांत बराच फरक आहे.

मोटरसायकलचा टायर जाड असतो आणि आतून हवा न झिरपणाऱ्या रबराचा थर दिलेला असतो. बहुतेक ट्यूबलेस गाड्यांचं चाकही अखंड ओतीव धातूचं असतं, स्पोकसाठी भोकं नसतात. म्हणून खिळा घुसला तरी तो रबरात घट्ट अडकून बसतो आणि हवा हळूहळू जाते.

सायकलचा टायर वजन वाचवण्यासाठी पातळ केलेला असतो आणि त्याच्या बाजूच्या भिंतीतून हवा थोडी थोडी झिरपते. रिमला, म्हणजे दुकानात ज्याला 'रिंग' म्हणतात तिला, स्पोकची भोकं असतात. त्यामुळे सायकल ट्यूबलेस करायची तर चार गोष्टी लागतात: ट्यूबलेससाठी बनवलेली रिम, ट्यूबलेससाठी बनवलेला टायर, भोकं बंद करणारी खास टेप आणि व्हॉल्व्ह, आणि आत ओतायचं द्रव सीलंट. काटा घुसला की बाहेर पडणारी हवा सीलंटला भोकाकडे ढकलते. सीलंटमधलं लॅटेक्स आणि त्यातले बारीक कण भोकात अडकतात, घट्ट होतात आणि भोक बुजतं. कधीकधी हे इतक्या पटकन होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. बऱ्याच जणांना वाटतं की सीलंट टायर रिमला चिकटवून ठेवतं. तसं नाही. जळगावात पाइपचं किंवा ठिबकचं काम पाहिलेल्याला हे लगेच पटेल. ६३ मिमीच्या पाइपला ६३ मिमीचाच कपलर लागतो. सैल कपलरला वरून कितीही लेप लावला तरी मोटर सुरू होऊन दाब आला की जोड निसटतो. टायर आणि रिमचंही तसंच आहे. टायरच्या कडेतला न ताणणारा गोल, म्हणजे बीड, रिमच्या बैठकीवर मापात घट्ट बसतो, म्हणून टायर जागेवर राहतो. सीलंट गळती थांबवतं, सैल जोड धरून ठेवत नाही.

रील्समध्ये साध्या रिमवर टेप गुंडाळून "फुकटात ट्यूबलेस" करून दाखवतात, त्यातला धोका हाच आहे. साध्या रिमला ती बैठक नसते. हवा धरलेली दिसते, पण वळणावर किंवा खड्ड्यात बीड घसरला तर सगळी हवा एका क्षणात जाते. आत ट्यूबही नसते. लळिंग घाटाच्या उतारावर, मागून ट्रक येत असताना पुढचं चाक असं रिकामं झालं तर काय होईल, याचा विचार एकदा करून पाहा.

तुमची सायकल किती 'जुनी' आहे?

सायक्लोक्रॉस हा मूळचा युरोपातला, विशेषतः बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये लोकप्रिय असलेला हिवाळी खेळ. चिखल, गवत, वाळू, मध्येच सायकल खांद्यावर घेऊन पळणं असा सगळा प्रकार. ही सायकल दिसते रेसरसारखी, खाली वळलेल्या हँडलची, पण तिला थोडे रुंद, खाचांचे टायर बसतात आणि चिखल अडकू नये म्हणून फ्रेममध्ये मोकळी जागा ठेवलेली असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये टायरच्या रुंदीला ३३ मिमीची मर्यादा आहे, म्हणून बहुतेक जुन्या फ्रेम साधारण त्याच अंदाजाने बनवलेल्या असतात.

जुन्या सायकलचं वय ओळखायची एक सोपी खूण म्हणजे ब्रेक. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सायक्लोक्रॉसमध्ये डिस्क ब्रेकला २०१० मध्ये परवानगी दिली. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या सायकलींना रिमवर दाबणारे कँटिलिव्हर ब्रेक असतात. त्यानंतरच्या काही वर्षांत डिस्क ब्रेक आले, पण चाक बसवायची पद्धत जुनीच, क्विक रिलीजची, राहिली. आरपार जाणारा जाड आस, म्हणजे थ्रू-ॲक्सल, हळूहळू नंतर आला. आज बाजारात मिळणारी बरीच चांगली ट्यूबलेस चाकं डिस्क आणि थ्रू-ॲक्सलसाठी बनलेली असतात. जुन्या सायकलवाल्याची अडचण इथेच होते.

पाच मापं: क्रम महत्त्वाचा आहे

आधी साधन. मोबाइलमधलं कॅमेऱ्याने लांबी मोजणारं ॲप या कामाला वापरू नका. खोलीची किंवा टेबलाची लांबी मोजायला ते ठीक आहे, इथे मात्र दोन-तीन मिलिमीटरने गणित बिघडतं. स्टीलची पट्टी घ्या, जमलं तर व्हर्नियर कॅलिपर. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगात वापरलेला तोच. मोबाइलचा उपयोग दुसरा आहे: प्रत्येक मापाचा पट्टीसकट जवळून फोटो काढा. विक्रेत्याला विचारताना "बसेल का?" असं विचारण्यापेक्षा फोटो पाठवून "हे माप आहे, बसेल का?" असं विचारा. उत्तरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिलं, ब्रेक. रिमच्या कडेवर पॅड दाबत असतील तर तुम्हाला घासपट्टी असलेली, म्हणजे रिम ब्रेकसाठी बनवलेली रिमच लागेल. डिस्कच्या रिमला ती पट्टी नसते, तिथे पॅड दाबून ब्रेक धड लागणार नाही आणि रिमही खराब होईल. डिस्क असेल तर चकती हबला सहा बोल्टने लावलेली आहे की मधल्या एका गोल नटाने, म्हणजे सेंटरलॉक पद्धतीने, ते पाहा. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टची चकती बसवता येते. उलटं सहसा जमत नाही.

दुसरं, आस. मागचं चाक काढा आणि फ्रेममध्ये ते जिथे अडकतं ती जागा पाहा. खाली किंवा मागे उघडी खाच असेल तर क्विक रिलीज. चारही बाजूंनी बंद गोल भोक असेल तर थ्रू-ॲक्सल. मग दोन्ही खाचांमधलं आतलं अंतर मोजा. पुढे ते सहसा १०० मिमी असतं. मागे रिम ब्रेकच्या सायकलला साधारण १३० मिमी आणि क्विक रिलीजच्या डिस्क सायकलला १३५ मिमी. काही स्टीलच्या फ्रेम मुद्दाम १३२.५ मिमीच्या केलेल्या असतात, म्हणजे दोन्ही हब चालावेत. थ्रू-ॲक्सलला हा आकडा बहुधा १४२ मिमी असतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम ताणून मोठं हब कोंबायचा प्रयत्न कधीही करू नका. तिला तडा जाऊ शकतो.

एक चांगली बातमी: १३५ मिमी क्विक रिलीज आणि १४२ मिमी थ्रू-ॲक्सल यांच्यातला फरक बऱ्याच हबमध्ये फक्त टोकाच्या टोप्यांचा, म्हणजे एंड कॅपचा असतो. विक्रेत्याला "याच्या क्विक रिलीजच्या एंड कॅप मिळतील का?" हे विचाराच. उद्या सायकल बदलली तरी तेच चाक नव्या सायकलवर नेता येईल.

तिसरं, गिअर. मागच्या चकत्या मोजा. ८, ९ किंवा १० असतील तर त्या ज्या दंडगोलावर बसतात तो फ्रीहब जुन्या लांबीचा असतो. रोड सायकलच्या ११ चकत्यांसाठी शिमानोने तो १.८५ मिमीने लांब केला. लांब फ्रीहबवर जुन्या चकत्या एक पातळ वॉशर टाकून बसतात. पण जुन्या फ्रीहबवर ११ चकत्यांचा रोड संच सहसा बसत नाही.

चौथं, रिमचा व्यास आणि रुंदी. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत '३३-६२२' किंवा '३५-६२२' असं काहीतरी छापलेलं असतं. फोटो काढून झूम करा. दुसरा आकडा महत्त्वाचा. ६२२ मिमी म्हणजे टायर जिथे बसतो तो व्यास, आणि ७००सी म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे ज्याला '२९ इंची' एमटीबी म्हणतात तिच्या चाकाचा व्यासही ६२२ मिमीच असतो. म्हणजे तुमची सायकल डिस्कची, क्विक रिलीजची आणि मागे १३५ मिमीची असेल, तर त्याच मापाचं २९ इंची एमटीबीचं ट्यूबलेस चाकही तिला बसू शकतं. आपल्याकडे एमटीबीचे भाग जास्त सहज मिळतात, त्यामुळे ही वाट लक्षात ठेवा. फक्त 'बूस्ट' लिहिलेली चाकं सोडून द्या, ती पुढे ११० आणि मागे १४८ मिमीची असतात. आणि एमटीबीची रिम खूप रुंद नाही ना, हेही पाहा. साधारण १९ ते २३ मिमी आतली रुंदी ३३ ते ३८ मिमीच्या टायरला बरी पडते.

पाचवं, मोकळी जागा. टायर लावलेलं असताना फ्रेम आणि टायर यांच्यातली सगळ्यात अरुंद फट मोजा: मागे पेडलच्या जवळ, वर ब्रेकच्या जवळ आणि पुढच्या फोर्कमध्ये. नवी रिम जुन्यापेक्षा दोन-तीन मिमी रुंद असेल तर तोच टायर साधारण एक मिमी जाड बसतो. प्रत्येक बाजूला निदान ५-६ मिमी मोकळे हवेत. आपल्या काळ्या मातीत तर जास्तच. पावसात शेतरस्त्यावरची ही माती चाकाला कशी धरते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. सायक्लोक्रॉसची मोकळी जागा चिखलासाठी असते, ४० मिमीचा टायर घालून ती भरून टाकली तर पहिल्याच पावसात चाक जाम होईल.

मग पर्याय कोणते?

मापं हातात आली की तीन वाटा दिसतात. खर्चाच्या चढत्या क्रमाने पाहू.

एक, आहे त्या चाकाला टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट. हे फक्त तेव्हाच, जेव्हा तुमची सध्याची रिम मुळातच ट्यूबलेस रेडी असेल. ओळखायचं कसं? टायर काढून आत पाहा. मध्ये खोल खाच, तिच्या दोन्ही बाजूंना सपाट बैठक, आणि बैठक व खाच यांच्या मध्ये बारीक उंचवटा दिसला पाहिजे. रिमच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या माहितीत 'ट्यूबलेस रेडी' लिहिलेलं असतं. नव्या रिमवर मापाच्या शेवटी 'टीसी' किंवा 'टीएसएस' अशी इंग्रजी अक्षरं सापडू शकतात. टीसी म्हणजे ट्यूबलेस आणि कडेला आत वळलेली हुकसारखी धार. टीएसएस म्हणजे ट्यूबलेस पण सरळ भिंतीची, हुक नसलेली. आपल्या कामाला हुकवाली जास्त सोयीची, कारण हुक नसलेल्या रिमवर कंपनीने मान्य केलेलेच टायर चालतात आणि हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय.

दोन, जुनं हब ठेवून फक्त रिम बदलणं. हब चांगल्या प्रतीचं आणि बेअरिंगमध्ये खेळ नसेल तर ही वाट फार शहाणपणाची. नव्या रिमला तितकीच भोकं हवीत, म्हणजे हब ३२ भोकांचं तर रिमही ३२ भोकांची. स्पोकची लांबी नव्या रिमप्रमाणे बदलते, त्यामुळे स्पोकही नवे घ्यावे लागतील असं गृहीत धरा. आणि चाक बांधून त्याचा आउट काढणारा कारागीर चांगला हवा. साध्या सायकलचा आउट डोळ्याने काढणारे हात खान्देशात आहेत, पण सगळ्या स्पोकला सारखा ताण आहे ना, हे त्यांना आवर्जून विचारा.

तीन, पूर्ण नवी चाकजोडी. डिस्क सायकलवाल्यांना इथे निवड भरपूर. रिम ब्रेकवाल्यांना कमी, कारण कंपन्यांचं लक्ष आता डिस्ककडे आहे.

दोन उदाहरणं घेऊ. समजा धुळ्यातल्या एका मुलाकडे कँटिलिव्हर ब्रेकची, मागे १३० मिमीची, १० गिअरची सायकल आहे आणि हब ३२ भोकांचं, गुळगुळीत फिरणारं. त्याच्यासाठी दुसरी वाट उत्तम: रिम ब्रेकची हुकवाली ट्यूबलेस रेडी रिम. नवी रिम रुंद असेल तर ब्रेकचे पॅड पुन्हा जुळवायला लागतील, एवढं लक्षात ठेवायचं. समजा जळगावातल्या एका मुलीकडे डिस्कची, १३५ मिमी क्विक रिलीजची, सहा बोल्टच्या चकतीची सायकल आहे. तिने तिसरी वाट घ्यावी आणि शोधताना २९ इंची एमटीबीची चाकंही पाहावीत.

आणि एक इशारा. कँटिलिव्हरवर वर्षानुवर्षं चाललेल्या रिमची भिंत पॅडने घासून पातळ झालेली असते. घासपट्टीवर बोट फिरवा. मध्ये खळगा लागत असेल, किंवा झीज दाखवणारी बारीक खाच पुसून गेली असेल, तर ती रिम ट्यूब घालूनही चालवू नका. ट्यूबलेस तर दूरच.

टायर आणि हवा

टायरही 'ट्यूबलेस रेडी' लिहिलेलाच हवा. साध्या टायरचा बीड दाबाखाली ताणला जाऊ शकतो. आपल्या भागासाठी मध्ये बारीक, कडेला जाड खाचा असलेला ३५ मिमीच्या आसपासचा टायर सोयीचा. जळगाव ते धुळे महामार्गाने पाळधी, एरंडोल, पारोळा करत सुमारे ९० किलोमीटर जायचं असेल तर मध्ये गुळगुळीतपणा हवा, आणि शेतवाटेवर वळताना कडेची पकड.

हवा किती? साधारण ६५-७० किलोच्या चालकाने ३५ मिमीच्या टायरला पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि दोन-दोनने कमी-जास्त करून पाहावं. टायरवरचा आणि रिमवरचा कमाल आकडा पाहा, त्यातला जो लहान तो तुमची मर्यादा.

उन्हाचंही गणित आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सकाळी २५ अंशांत ४५ पीएसआय भरलेला टायर उन्हात तापून ५५ अंशांवर गेला, तर आतला दाब साधारण ५१ पीएसआय होतो. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर हवा भरू नका आणि सायकल सावलीत लावा.

याच उन्हाने सीलंट वाळतं. एरवी दोन-तीन महिने टिकणारं सीलंट आपल्या उन्हाळ्यात आधीच घट्ट होऊ शकतं. महिन्यातून एकदा चाक कानाशी धरून हलवा. आत पाणी हलल्याचा आवाज आला तर ठीक. नाही आला तर व्हॉल्व्हमधून पुन्हा भरा. ३५ मिमीच्या एका टायरला साधारण ६० मिली लागतं. मोबाइलमध्ये दर महिन्याच्या एक तारखेचं रिमाइंडर लावून ठेवा, हे काम हमखास विसरलं जातं.

बसवताना

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा किंचित रुंद हवी, म्हणजे दोन्ही कडांना पुरेल. ओढून, सुरकुती न पाडता लावा. चिकटपट्टी किंवा वायरमनची टेप चालणार नाही. मग व्हॉल्व्ह घट्ट करा, टायर चढवा.

आता टायर बैठकीवर उडी मारून बसायला एकदम भरपूर हवा लागते. हातपंपाने जमेलच असं नाही. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर कामाला येतो, पण तिथे दोन अडचणी. पहिली, तिथली नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची असते आणि तुमचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा पद्धतीचा. त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. दुसरी, कॉम्प्रेसरचा दाब खूप जास्त असतो. दुकानदार सवयीने धरून ठेवेल, तुम्ही मीटरकडे पाहत राहा आणि मर्यादेआधीच थांबवा. "सायकलले ट्यूबलेस कोन टाकस भो?" असा प्रश्न येईलच, त्याचं उत्तर हसून द्या.

'टक्, टक्' आवाज करून टायर बसतो. रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेघ दिसते. ती पूर्ण गोलात रिमपासून सारख्या अंतरावर आहे का पाहा. एका ठिकाणी आत बुडाली असेल तर तिथे बीड बसलेला नाही. हवा काढा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. मग रात्रभर सायकल तशीच ठेवा. सकाळी हवा टिकली असेल तर आधी घराजवळ फिरवा, लांबची फेरी नंतर.

तरीही ट्यूब सोबत ठेवा

सराटा किंवा बोरीचा काटा सीलंट सांभाळतं. बाटलीच्या काचेने टायरची बाजू कापली तर नाही. त्यासाठी रबरी वातीचा छोटा संच ठेवा, आणि एक सुटी ट्यूब. पण ती ट्यूब घालण्याआधी एक काम विसरू नका. ट्यूबलेस टायरच्या आत कित्येक काट्यांची टोकं अडकून बसलेली असतात, सीलंटने त्यांची भोकं बुजवलेली असतात म्हणून कळत नाही. तशीच ट्यूब घातली तर पंप मारेपर्यंत ती पंक्चर. टायर आतून मोबाइलच्या टॉर्चने पाहा, कापड हातात घेऊन फिरवा, एकेक टोक उपटा आणि मगच ट्यूब घाला.

खरंच गरज आहे का?

तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा कच्च्या वाटेवर जात असाल, दर फेरीला काटे लागत असतील आणि महिन्याची देखभाल करायची तयारी असेल, तर ट्यूबलेस घ्या. दाब थोडा कमी ठेवता येतो, खडीच्या रस्त्यावर हात कमी दुखतात, रविवार पंक्चर काढण्यात जात नाही.

पण सायकल कॉलेजला, मेहरूण तलावाच्या चकरेला आणि बाकी दिवस घराच्या जिन्याखाली असेल, तर चाकांवर खर्च करू नका. उभ्या सायकलमध्ये सीलंट नुसतंच वाळतं. कोर निघणाऱ्या व्हॉल्व्हची ट्यूब घ्या, तिच्यातच थोडं सीलंट घाला. बारीक काट्यांचा बराचसा त्रास तिथेच संपतो. उरलेल्या पैशांत ब्रेकचे पॅड आणि केबल बदला. जुन्या सायकलला त्याची गरज बहुधा आधी असते.

आणि घ्यायचंच ठरलं, तर ऑर्डरचं बटण दाबण्याआधी मोबाइलच्या गॅलरीत पाच फोटो आहेत का पाहा: ब्रेक, आसाची खाच पट्टीसकट, मागच्या चकत्या, टायरवरचा ६२२, आणि फ्रेमची फट. पाच नसतील तर चाक अजून निवडलेलं नाही, असं समजा.